तात्यांच्या हातचा कोबा

तात्या,

तुमच्या तेराव्याला गावाकडची वीसेक माणसं आली होती. पावसानं उघडीप दिली होती म्हणून जेवणं झाल्यावर सगळी वर गच्चीत सतरंजीवर टेकली. तुमच्या चुलतबहिणीनं, आक्कांनी, सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सुनंनं सासऱ्याचं लेकीपरीस केलं. आसं नशीब कुनाला घावतं?" बायकांनी माना हलवल्या. एकदोघींनी डोळ्यांना पदर लावला. मी खाली मान घालून पत्रावळी गोळा करत राहिले. त्यांना वाटलं, शालन लाजली.

मी लाजले नव्हते. आक्कांच्या पाठीमागे चार पावलांवर गच्चीचा पूर्वेकडचा कोपरा होता, आणि तिकडं बघायची मला हिंमत होत नव्हती.

तुमचा जन्म कुठला, माण तालुक्यातल्या कुठल्या कुठल्या गावात तुम्ही घरं बांधलीत, किती पोरांना गवंडीकाम शिकवलंत, हे सांगणारे त्या दिवशी पुष्कळ होते. मला ते सांगायचं नाही. मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुमच्यासमोर बसून जे बोलायला पाहिजे होतं आणि बोलले नाही, ते.

तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा कोपरखैरण्याचं हे घर घेऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. बैठी घरं, एकाला एक चिकटलेली, प्रत्येकावर सपाट स्लॅब. घर मिळालं याचाच आनंद एवढा होता की छताकडे कुणी नीट बघितलंच नाही. दुसऱ्या पावसाळ्यात त्यानं स्वतःच बघायला लावलं. आधी एक ओला डाग, मग थेंब, मग स्वयंपाकघरात दोन पातेली आणि बाहेरच्या खोलीत घमेलं. ह्यांनी, म्हणजे तुमच्या भरतनं, कुणाच्या तरी सांगण्यावरून एक माणूस बोलावला. त्यानं गच्चीभर डांबर ओतलं, वर डांबरी कागद चिकटवला आणि म्हणाला, "पाच वर्षं टेन्शन नाही साहेब." एप्रिलच्या उन्हात त्या कागदाला पापडासारखे फोड आले. जूनमध्ये आम्ही पुन्हा पातेली मांडली.

त्याच वर्षी माझ्या सासूबाई, आत्याबाई, गेल्या आणि तुम्ही एक ट्रंक, एक वळकटी आणि हत्यारांची पिशवी घेऊन आलात. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो तुम्ही तसाच ओट्यावर ठेवलात आणि मागच्या लोखंडी जिन्यानं सरळ वर गेलात. मी मागोमाग आले. आदल्या रात्रीचं पाणी गच्चीच्या मधोमध साचलं होतं. तुम्ही उकिडवे बसून त्यात बोट बुडवलंत.

"ह्याला धाबं म्हनत्यात व्हय? ही परात हाय, परात. परातीत पानी थांबनारच."

गावाकडचं तुमचं घर धाब्याचं. सपाट मातीचं छप्पर. दर वैशाखात नवी पांढरी माती वर न्यायची, भिजवायची, धुमसानं चोपून बसवायची, उगवलेलं गवत मुळासकट उपटायचं. तुमच्याकडे पाऊस तो केवढासा, तरी तुम्ही धाब्याची निगा एखाद्या दुभत्या म्हशीसारखी ठेवायचात. आणि आम्ही इथं, जिथं आभाळ फाटल्यासारखा कोसळतो तिथं, स्लॅब टाकून मोकळे झालो होतो. तुमच्या दृष्टीनं तो निव्वळ आळस होता.

तुमचं नि माझं भांडण पुढच्या उन्हाळ्यात झालं. मला पत्रे पाहिजे होते. गल्लीतल्या निम्म्या घरांनी गच्चीवर लोखंडी खांब उभे करून पत्र्याची शेड घातली होती. पाऊस स्लॅबवर पडणारच नाही, मग गळेल कुठून? वर एक कोरडी जागा मिळेल, माझं शिलाई मशीन तिथं जाईल. चार मुली शिकायला यायच्या, त्यांना मी स्वयंपाकघरात फळीवर बसवत होते. ह्यांचंही मन पत्र्याकडे होतं, पण तुमच्यापुढं बोलायची छाती नव्हती. "तुम्ही दोघं काय ते ठरवा, मला शिफ्टला उशीर होतोय," म्हणून हे महाप्याची बस गाठायचे.

तुम्ही म्हणालात, "खांबासाठी स्लॅबला भोकं पाडनार. भोकातनं पानी शिरनार. वरनं पत्रा हाय म्हनून खालचं कुनी बघनार न्हाई. सळई आतल्या आत सडनार, आन एक दिस गिलावा ह्या शिकनाऱ्या पोरींच्या अंगावर. पत्रा नगं. इटांच्या रोड्यांचा, उताराचा कोबा करू."

मी म्हटलं, "कोब्यानं मला खोली मिळणार आहे का?"

"खोली मिळंल न मिळंल. घर तर ऱ्हाईल."

तुम्ही संध्याकाळी गच्चीत बसायचात. खाडीकडनं वारा यायचा, तुम्ही बिडी ओढत डोंगराकडे बघत राहायचात. मला वाटलं, म्हाताऱ्याला आपलं आभाळ सोडायचं नाही, बाकी सगळं निमित्त. आणि मी बोलून गेले, "तात्या, घर आमचं आहे. तुम्ही चार दिवस पाहुणे म्हणून राहा, घराचं आम्ही बघू."

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. हातातली बिडी कठड्यावर विझवलीत, उरलेला तुकडा खिशात ठेवलात आणि खाली गेलात. दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. ताट वाढलं की जेवायचात, ताट घासायला स्वतः उचलून न्यायचात. पाहुणा नेतो तसं. तेच मला जास्त लागलं.

ते शब्द मी कधी परत घेतले नाहीत. घ्यायचे होते. नंतर आपलं इतकं चांगलं चाललं की जुनी गोष्ट उकरायला नको वाटली. तुम्ही विसरला असाल असं मी धरून चालले. माणूस असं विसरतो का हो तात्या?

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात विटांचे रोडे येऊन पडले. तुम्ही धोतराचा काचा मारून गच्चीवरचं डांबर खरवडत होतात. एकटे. अडुसष्ट वर्षांचा माणूस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मी दारातून ठकठक ऐकत होते. तासाभरानं वरून हाक आली, "शालन, पिपात पानी भर. रोडं भिजू दे." आपला अबोला असा सुटला. माफी कुणी मागितली नाही, काम निघालं.

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते असं आज म्हटलं तर लोक हसतील. दिवसभर घमेली वाहून मान मोडायची, हाताची सालं निघायची. पण तोवर मला कुणी काही शिकवलं नव्हतं. स्वयंपाक, शिलाई हे बघून बघून आलं. तुम्ही मला समोर बसवून शिकवलंत. तहानलेली वीट सिमेंटचं पाणी ओढून घेते, म्हणून रोडे आदल्या दिवशी भिजवायचे. तुकडा उभा लावायचा, निजवायचा नाही. दोन तुकड्यांत बोट जाईल एवढी फट, ती सिमेंट-वाळूच्या मालानं गच्च भरायची. उतार डोळ्यांनी ठरवायचा नाही. तुम्ही तांब्याभर पाणी माझ्या हातात द्यायचात आणि म्हणायचात, "वत. आन बग कुटं जातंय ते." पाणी पन्हाळाकडे निघालं तर तुम्ही काही बोलायचा नाहीत. मध्ये कुठं रेंगाळलं तर तेवढा भाग उकलून पुन्हा. एकदा मी लावलेली अख्खी ओळ तुम्ही उकलायला लावलीत आणि मी रडकुंडीला आले. तुम्ही म्हणालात, "आत्ता रड. पावसात रडन्यापरास बरं."

कठड्याच्या कडेनं काटकोन ठेवायचा नाही, तिथं गोलाई द्यायची, हे मी केलं. सगळी गोलाई माझी आहे, तुम्ही फक्त हात फिरवून बघितलीत. वरचा लेप ओला असताना दोरीनं चौकटी मारल्या. मग कोबा पुरता वाळल्यावर पन्हाळात बोळा कोंबून गच्चीभर पाणी सोडलं. सात दिवस तळं ठेवायचं होतं. तेव्हा नळाला सकाळी जेमतेम पाऊण तास पाणी. शेजारच्या सावंतवहिनी त्यांच्या गच्चीतून ओरडल्या, "अहो, इथं प्यायला पाणी नाही आणि तुम्ही वर तलाव भरताय?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "सात दिस कळ काडा, वैनी. आठव्या दिशी सगळं पानी तुमच्या झाडास्नी." आठव्या दिवशी खरंच त्यांच्या कुंड्यांना बादल्या दिल्यात. त्या सात दिवसांत तुम्ही खाली आढ्याकडे नजर लावून बसलेले असायचात, पेपरसुद्धा वाचायचा नाहीत. थेंब आला नाही.

आणि मग, मी मागितलेलं नसताना, तुम्ही डालड्याच्या चार मोठ्या डब्यांत सिमेंट ओतून त्यांत बांबू उभे केलेत. गच्चीला एक खिळा न मारता ताडपत्री बांधलीत. "घे तुजी खोली. पावसाचं चार म्हैनं सोडून." त्या ताडपत्रीखाली माझ्या हाताखालून किती मुली शिकून गेल्या. दिघ्याहून बसनं येणाऱ्या दोघी होत्या, आज त्यांची स्वतःची मशीनं आहेत. मी तुम्हाला 'बरं झालं' एवढंसुद्धा म्हटलं नाही. चहा नेऊन दिला, बस.

पाच पावसाळे आमच्या घरात एक थेंब पडला नाही. गल्लीतल्या पत्र्याखालच्या घरांची छतं काळी पडली आणि आमची चुन्यासारखी पांढरी. दर वर्षी मेअखेरीला तुम्ही मला वर न्यायचात. पन्हाळ साफ करायचं, कठड्याच्या फटीत पिंपळ रुजला असेल तर कोवळा असतानाच काढायचा, मग हातोडीच्या लाकडी दांड्यानं एकेक चौकट ठोकून बघायची. "कान दे. भरीव हाय का पोकळ?" पहिल्यांदा मला सगळा आवाज एकच वाटायचा. तिसऱ्या वर्षापर्यंत मला कळायला लागलं. तुम्ही एका कडेनं यायचात, मी दुसऱ्या कडेनं. मी "भरीव" म्हटलं की तुम्ही ती चौकट पुन्हा ठोकायचा नाहीत. एवढा विश्वास.

आता ते सांगते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तुम्ही पुतण्याच्या लग्नासाठी आणि बांधाच्या कामासाठी गावी गेलात ते तीन महिने राहिलात. त्या काळात मी गच्चीवर पाण्याची टाकी बसवून घेतली. सगळ्यांकडे होती. टाकीबद्दल तुमची हरकत नव्हती, पण जाण्याआधी तुम्ही बजावलं होतं, "पाइप कठड्यावरनं भाईर काडायचा आन भिंतीनं खाली घ्यायचा. कोब्याला हात लावायचा न्हाई." प्लंबर म्हणाला, "ताई, एवढा फेरा कशाला? कोपऱ्यात भोक मारतो, सरळ किचनमध्ये उतरतो. अर्ध्या तासाचं काम." मला घाई होती. दुपारी मुली शिकायला येणार होत्या. मी म्हटलं, "मारा."

त्यानं छिन्नीनं कोबा फोडला, खाली स्लॅबमध्ये दोन बोटं गेला आणि छिन्नी सळईवर खणखणली. तो आवाज ऐकला आणि मी हात आडवा केला. मी म्हटलं, "थांबा. नको. बाहेरूनच घ्या." त्यानं तोंड वाकडं केलं, मूठभर सिमेंट कालवून भोकात कोंबलं आणि पाइप तुम्ही सांगितलात तसा बाहेरून नेला. मी ती जागा बघितली. सिमेंट नुसतं वर लिंपलेलं होतं. मला कळत होतं की हे असं भरत नाहीत, तुम्हीच मला शिकवलं होतं. मी त्यावर कोरफडीचा डबा ठेवला.

तुम्ही परत आलात. पिशवी खाली ठेवायच्या आधी वर गेलात. कठड्यावरून बाहेर गेलेला पाइप बघितलात आणि तुमचा चेहरा असा काही उजळला. खाली येऊन ह्यांना म्हणालात, "भरत, तुला न्हाई कळत, पन हिला कळतंय. माज्या माघारी माजं ऐकलं हिनं." आणि मला म्हणालात, "शाब्बास पोरी."

त्या शाब्बासकीनं माझं तोंड शिवलं. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही ओरडला असतात, दोन दिवस अबोला धरला असतात, तिसऱ्या दिवशी रोडे भिजवायला सांगितले असतेत. एवढंच झालं असतं. पण तुमच्या तोंडून शाब्बास मी पहिल्यांदा ऐकलं होतं. ते मला परत द्यायचं नव्हतं.

मेअखेरीला आपण नेहमीसारखे वर गेलो. तुम्हाला धाप लागायला लागली होती, दर चार चौकटींनंतर बसत होतात. तुम्ही कोपऱ्याकडे यायला लागलात तशी मी पुढं झाले. "तिकडचं मी सकाळीच बघितलंय तात्या. भरीव आहे." तुम्ही हातोडी खाली ठेवलीत. "तू बगितलंस न्हवं? मग झालं."

जुलैमध्ये स्वयंपाकघराला लागून असलेल्या तुमच्याच खोलीत, तुमच्या खाटेच्या उशाशी डाग पडला. आधी तळहाताएवढा, मग ताटाएवढा. मग थेंब. तुम्ही किती वेळ त्याच्याकडे बघत होतात. मी म्हटलं, खाट बाहेरच्या खोलीत घेऊ. तुम्ही हलला नाहीत.

"माज्या हातचं गळतंय. मीच खाली निजनार."

खाट फक्त हातभर सरकवायला दिलीत. डोक्याशी घमेलं ठेवायचं, तुम्ही ते स्वतः ओतायचात. पाऊस जरा थांबला की जिन्याचे दांडे धरून वर जायचात, चौकटी ठोकायचात. एकदा तर मुसळधार सुरू झाला तरी खाली येईनात. मी छत्री घेऊन वर आले तर तुम्ही मधोमध गुडघ्यांवर, ओले गच्च, कोब्याला कान लावून. कोपऱ्याकडे गेला नाहीत. तिथलं मी बघितलं होतं ना.

तुम्हाला संशय आला होता का? हे मला कधीच कळणार नाही. एकदा तुम्ही ओट्याजवळ येऊन बसलात आणि म्हणालात, "शालन, पानी काय आपनहून वाट काडीत न्हाई. कुटंतरी वाट दिलेली आसती." आणि माझ्याकडे बघत राहिलात. चांगला मिनिटभर. मी फोडणीत मोहरी टाकत होते. मी म्हटलं, "चहा टाकू का तात्या?" तुम्ही म्हणालात, "टाक."

तुम्ही मला वाट करून देत होतात की सहज बोलत होतात? मी त्या मिनिटाकडे रोज परत जाते. दर वेळी मोहरी तडतडते, दर वेळी मी चहाचं विचारते.

श्रावण संपता संपता ताप आला. छातीत पाणी झालं. वाशीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उभा जन्म सिमेंट-चुन्याच्या धुळीत गेला, वरून बिड्या. ओलीचं नाव कुणी काढलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मला ते नको होतं.

एका दुपारी मी एकटीच जवळ होते. तुम्ही नाकातली नळी बाजूला करून म्हणालात, "उगडीप पडली की गवंडी बोलाव. कोबा उकलून बगाय पायजे. आन तू जवळ बस. त्याला एकट्याला सोडू नगंस, त्यो कायबी भरंल." मी नळी नीट बसवली. शब्द तयार होते, पाचच शब्द. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांनी पाणी मागितलं, मी उठून त्यांना दिलं. परत आले तर तुमचा डोळा लागला होता. मला हायसं वाटलं. हे मी लपवत नाही तात्या, मला हायसं वाटलं. म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तुम्हाला आयसीयूत, काचेपलीकडे हलवलं. तिथं आत कुणाला सोडत नव्हते.

तेराव्यानंतर ह्यांनी विषय काढला. "आता पत्रे घालून टाकू. कोबा गेला, किती दिवस ओढणार?" आणि तात्या, मी तुमच्या बाजूनं भांडले. तुमचेच शब्द, भोकं, सळई, गिलावा, सगळं. हे चकित होऊन बघत राहिले. "तूच तर मागं लागली होतीस पत्र्यासाठी." मी म्हटलं, "आधी गवंडी बघू दे."

गवंडी दिघ्याचा होता, तुमच्याहून बराच तरुण. मी त्याच्याजवळ बसून राहिले, तुम्ही सांगितलंत तसं. त्यानं मधल्या दोन-तीन चौकटींवर छिन्नी लावली, ती उडून परत आली. त्यानं विचारलं, "कोनी केलाय हा?"

"माझ्या सासऱ्यांनी."

"आयला... सॉरी हां ताई. पन असं काम आता कोन करत नाय. याला काय झालेलं नाय, याला फोडू पन नका." मग तो फिरत फिरत कोपऱ्यात आला. डबा उचलला. खाली सिमेंटचा चट्टा, चारी बाजूंनी सुटलेला, कडेनं गंजाचं लाल पाणी. त्यानं नखानं तो उचकटला. खपलीसारखा हातात आला. "हे बघा. इथनं पितंय सगळं. कोनी मारलं हे भोक?"

मी म्हटलं, "काय माहीत. प्लंबरनं असेल."

परक्या माणसापुढंसुद्धा खोटं बोलले. त्याच्यासमोर मला कसली लाज होती? सवय झाली होती, दुसरं काय. त्यानं भोक मोकळं केलं, सळई घासली, रोडे भिजवून नीट भरलं. एका दिवसाचं काम. तुमच्या हातानंही तेवढंच झालं असतं.

रविवारी जेवताना ह्यांना सांगितलं. सगळं. प्लंबर, छिन्नी, डबा, मेमधला तो एक शब्द, 'भरीव'. मला वाटलं, हे ओरडतील, ताट सरकवतील. मी त्याचीच वाट बघत होते, खरं सांगते. कुणीतरी मला बोलायला पाहिजे होतं. ह्यांचा घास हातातच राहिला. मग ह्यांनी तो ताटात ठेवला आणि ताटातच हात धुतला.

मग म्हणाले, "तात्यांनी मला विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"दवाखान्यात नेलं त्या दिवशी. रिक्षात. म्हणाले, 'भरत, माजा हात गेला का रं?' मला आधी कळलंच नाही, मी त्यांचा हात धरून बघितला. म्हणाले, 'त्यो न्हवं. कामाचा.'"

ह्यांचा आवाज फुटला. तुमचा मुलगा तुमच्या चितेपाशी रडला नव्हता तात्या, तो त्या उष्ट्या ताटापुढं रडला.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, वय झालं तात्या. व्हायचंच आता. टेन्शन घेऊ नका." त्यांनी चेहरा दोन्ही हातांनी झाकला. "धीर द्यायला म्हटलं गं मी. तर म्हणाले, 'व्हय. तसंच आसंल.' आणि बाहेर बघत बसले. वाशी येईपर्यंत."

ह्यांनी मला एक शब्द बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. मी एक गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली आणि ह्यांनी एक न जाणता, आणि तुम्ही दोन्ही खऱ्या मानल्यात, कारण आम्ही तुमची माणसं होतो. पन्नास वर्षं ज्या हातानं लोकांच्या डोक्यावर छप्पर धरलं, तो हात गेला असं समजून तुम्ही गेलात.

तुमचा हात गेला नव्हता तात्या. ते भोक मी पाडलं होतं.

तुमची,
शालन